एकदा ऐकलेला आवाज

"तुम्हालाच का घ्यावं, ते सांगा," दांडेकर मॅडम म्हणाल्या. "सकाळपासून दोघी येऊन गेल्या. दोघींना टायपिंग येतं. एकीला इंग्रजीही बरं येतं. तुम्हाला काय येतं?"

पौषातली थंडी होती, खिडकीच्या काचांना बाहेरून धुकं चिकटलं होतं, तरी माझ्या तळहातांना घाम सुटला होता. मी पदराला हात पुसले आणि पाठ करून आणलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं.

"मॅडम, एकदा ऐकलेला आवाज मी विसरत नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे फोनवर माणूस एकदा बोललं, की पुढे किती का वर्षांनी बोलेना, नाव न विचारता सांगते."

हे वाक्य मला सुचलेलं नव्हतं. ते माझ्या नणंदेचं, उषाचं होतं.

आमची सूतगिरणी बंद पडली तेव्हा माझी आणि ह्यांची, दोघांचीही नोकरी एकाच दिवशी गेली. ह्यांनी फैजपूरला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी घरात बसले. गिरणीच्या टेलिफोन बोर्डावर माझी सगळी उमेदीची वर्षं गेलेली. दिवसभर कानात माणसांचे आवाज असायचे. ते एकदम थांबले आणि घरातल्या भांड्यांचा आवाजही मला नकोसा होऊ लागला. अशात पेपरात जाहिरात आली. सातपुड्यात पालच्या पुढे, डोंगरावर एक आरोग्यधाम आहे, तिथे अनुभवी टेलिफोन ऑपरेटर बाई पाहिजे. उषा भुसावळला विमा कचेरीत होती, तिला मुलाखतींची माहिती. मी तिच्याकडे गेले. ती मेथी निवडत बसली होती.

"समज, मी साहेब," ती म्हणाली. "बोला बाई, तुम्हाला काय येतं?"

"बोर्ड चालवता येतो."

"तो कुणालाही चार दिवसांत येतो. पुढे?"

"वेळेवर येते. खाडे करत नाही."

"खाडे तर बैलही करत नाही, वहिनी. तुझं असं काय आहे ते सांग ना."

तेवढ्यात तिच्याकडचा फोन वाजला. तिचे हात मातीचे, म्हणून मी उचलला. कुणीतरी पुरुष होता. "गोडाऊन का?" म्हणाला, चुकीचा नंबर लागल्याचं कळल्यावर "माफ करा" म्हणून ठेवून दिला.

"कोण होतं?"

"पाचोऱ्याचे लालचंदशेठ. आपल्या गिरणीला कापसाच्या गाठी द्यायचे ते. चुकून लागला त्यांना."

"त्यांनी नाव सांगितलं?"

"नाही."

फोन पुन्हा वाजला. ह्या वेळी उषानं झडप घातली. "लालचंदशेठ का?" तिनं विचारलं. पलीकडून तो माणूस म्हणाला, "हो, आपण कोण?" तिनं काही न बोलता फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"काटा आला बघ अंगावर," ती म्हणाली. "किती वर्षांनी ऐकलास हा आवाज?"

"असतील सात-आठ. त्यात काय? कान आहेत, ऐकू येतं."

"वहिनी, असं कुणाला येत नाही."

खरं सांगते, तोवर मला वाटायचं की सगळ्यांनाच येतं. उषानं मग ते वाक्य माझ्याकडून घोकून घेतलं. मान वर करून, न अडखळता.

रावेरच्या स्टँडवर आरोग्यधामाची जीप आली होती. चालवणारा सुभान तडवी म्हणून साठीचा माणूस. डोंगर चढायला लागण्याआधी त्यानं एका टपरीपाशी गाडी थांबवली आणि तिथल्या आरशाकडे बोट दाखवलं.

"केसबिस इथंच नीट करून घ्या, बाई. वर आरसा राहत नाही."

"म्हणजे?"

"जळालेली माणसं आहेत वर. कुणी स्टोव्हनं, कुणी फटाक्याच्या कारखान्यात, कुणी घरच्यांनीच. दवाखान्यातून सुटतात पण घरी घेत नाहीत कुणी. वर्तक साहेबांनी त्यांच्यासाठी काढलंय हे. आरसे त्यांनीच काढायला लावले."

"वर्तक साहेब कसे आहेत?"

सुभाननं गिअर टाकला. "चांगलेच असतील," तो म्हणाला. "वरच्या बंगल्यात राहतात. दिसत नाहीत. आवाज येतो."

"तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

"पहिल्यापासून."

"आणि एकदाही पाहिलं नाही?"

"पाठमोरे पाहिले. दोनदा."

आरोग्यधाम म्हणजे एका रांगेत बांधलेल्या कौलारू खोल्या, मधे लांब ओटा, आणि त्याच्या वर, सागाच्या झाडांत, एक दगडी बंगला. त्याची खिडकी तेवढी दिसत होती. ओट्यावर माणसं उन्हाला बसली होती, पण ऊन नव्हतंच. मी गेले तेव्हा कुणी मान वर केली नाही. एका बाईनं तोंडावरचा पदर सारखा केला. कुणी बोलत नव्हतं, आणि तरी दर दहा पावलांवर भिंतीला एक टेलिफोन होता. मॅडमच्या खोलीबाहेर भिंतीवर चौकोनी फिकट डाग होता. तिथे कधीतरी आरसा असणार. मी सवयीनं त्या डागापुढे उभी राहिले, कपाळावरची टिकली चाचपली आणि आत गेले.

"बघू तर," दांडेकर मॅडम आता म्हणाल्या. त्या पुण्याकडच्या, नर्सिंग करून इकडे आलेल्या. बोलण्यात करकरीत, पण वाईट नव्हत्या. त्यांनी मला कोपऱ्यातल्या बोर्डापुढे बसवलं आणि शिपायाला काहीतरी सांगून बाहेर धाडलं.

दोऱ्यांचा जुना बोर्ड होता, आमच्या गिरणीत होता तसाच. एकेका खोलीचा एकेक आकडा, वर छोटे दिवे. मी हेडफोन चढवला. इतक्या वर्षांनी कानाला तो थंड गोल लागला आणि माझे हात आपोआप दोऱ्यांकडे गेले.

एका खोलीतून दिवा लागला. "मी भागीरथी," एक बाई म्हणाली. दुसरीकडून एक म्हातारा बोलला, नाव तुकाराम. मग स्वयंपाकघरातून सरूमावशी. मग मॅडमनी शिपायामार्फत जागा बदलायला लावल्या आणि नाव सांगू नका म्हणून बजावलं. दिवे लागत गेले. मी सांगत गेले, "भागीरथीबाई. तुकारामबुवा." शेवटी कुणीतरी घोगऱ्या आवाजात "पाणी पाठवा" म्हणालं.

"नाक सोडा, सरूमावशी," मी म्हणाले.

फोनवर हसू फुटलं. मॅडमही हसल्या. बाहेर ओट्यावर कुणीतरी हसलं, आणि ते हसू कानाकोपऱ्यांतून पुढे सरकत गेलं, जणू बऱ्याच दिवसांनी कुणी इथे हसत होतं. मला फार बरं वाटलं. आपल्याला काहीतरी येतं आणि ते आपण चारचौघांत दाखवलं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं.

तेवढ्यात सगळ्यांत वरच्या ओळीतला दिवा लागला.

मी दोरी लावली. "बोला."

कुणी बोललं नाही.

"बोला, ऐकते आहे."

लाइन चालू होती. पलीकडे कुणीतरी होतं. श्वास येत होता. आधी अर्धा श्वास आत, मग जरा थांबून उरलेला अर्धा. जिना चढताना मधल्या पायरीवर माणूस थबकतं, तसा.

मी हेडफोन कानाशी घट्ट दाबला.

"कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"बोलत नाही कुणी."

"मग साहेबच. कधीकधी ते नुसते ऐकतात." त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. "साहेब, दांडेकर. मुलाखतीच्या बाई आल्यात. ह्यांचं काही विचारू नका, एकदा ऐकलेला आवाज विसरतच नाहीत. मघापासून आमची करमणूक चाललीय. तुम्हीही बोला ना दोन शब्द." आणि माझ्याकडे बघून त्यांनी कौतुकानं मान हलवली.

पुन्हा तो तुटका श्वास आला. मग आवाज. घोगरा, खरवडलेला, घशाच्या आत काहीतरी चिरलं असावं तसा. हा आवाज मी कधीही ऐकलेला नव्हता.

"छान," तो म्हणाला. "याआधी कुठे होतात, बाई?"

मी आमच्या सूतगिरणीचं नाव सांगितलं.

लाइनवर शांतता झाली. मघाची शांतता वेगळी होती आणि ही वेगळी. ऑपरेटरला शांततेतलाही फरक कळतो. आता पलीकडचा माणूस श्वासही रोखून बसला होता. पण माणूस किती वेळ रोखणार? शेवटी तो आलाच. आधी अर्धा, मग उरलेला अर्धा.

आवाज बदलला होता. श्वास बदलला नव्हता.

मधुकर नेहेते. आमच्या गिरणीचे इंजिनियर नेहेते साहेब. रोज सकाळी सगळ्यांत आधी त्यांच्याच केबिनचा दिवा लागायचा. "लाइन द्या, बाई" म्हणण्याआधी तोच श्वास यायचा. गिरणीत कापसाच्या गाठी फोडायच्या खात्याला आग लागली, तेव्हाही त्यांचाच फोन आला होता. "बंब बोलवा," ते ओरडले होते, आणि मग, "बाई, मागचं दार... मागच्या दाराला कुलूप आहे हो." आत चार बाया होत्या. कुलूप नेहेते साहेबांच्याच हुकमानं लागत असे, कापूस चोरीला जातो म्हणून. ते स्वतः आत शिरले होते म्हणे, लोकांनी ओढून बाहेर काढलं. एकीलाही वाचवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गिरणीत आले, केबिनमध्ये बसले आणि त्यांनी घरची लाइन मागितली. मी जोडणार तोच म्हणाले, "नको, राहू द्या." संध्याकाळी तापीच्या पुलावर त्यांच्या चपला सापडल्या. कोळी लोकांनी नदी धुंडाळली, पण काही हाती लागलं नाही.

त्यांची बायको निर्मलावहिनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायच्या. मूलबाळ नव्हतं. दीर म्हणाले, दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकून टाकू. वहिनी उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "देह दाखवा, मग काय ते करा," म्हणाल्या. लोक आधी हळहळले, मग कंटाळले, मग त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणू लागले. वहिनी मंगळसूत्र घालून बाजारात जायच्या आणि बाया वाट सोडून उभ्या राहायच्या. कुणाच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं नाही आणि कुणाच्या दुःखातही नाही. अशी त्यांची पंधराएक वर्षं गेली होती.

"मॅडमना जरा बाहेर जायला सांगा," कानात तो घोगरा आवाज म्हणाला.

"मॅडम," मी म्हणाले, "साहेबांना माझ्या एकटीशी बोलायचंय."

मॅडमना नवल वाटलं असावं. पण त्या उठल्या आणि दार ओढून घेऊन गेल्या.

"भंगाळेबाई," तो म्हणाला. माझं आडनाव त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. "तुम्ही 'बोला' म्हणालात, तेव्हाच कळलं मला. 'बो'वर जोर देता. अजूनही."

खिडकीतून वरचा बंगला दिसत होता. धुक्यात त्याची खिडकी कधी दिसे, कधी नाही. मला काय विचारावं सुचेना, आणि जे सुचलं ते भलतंच.

"साहेब, तुम्ही जिवंत आहात ना?"



"मला नीट सांगता येणार नाही, बाई," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "पुलावर मी उतरलो होतो. पाण्यातही गेलो होतो. खाली कुठेतरी एका कोळ्यानं काढलं, आवाज तेव्हापासून असा. त्यानंतर जे आहे ते हे. इथल्या कुणाला माझं तोंड माहीत नाही, नाव खरं नाही, घर नाही. मेलेल्या माणसाला ह्याहून कमी काय असतं?"

"पण इतकी माणसं सांभाळता तुम्ही."

"त्या चौघींच्या बदल्यात. हिशेब मिटत नाही, तरी."

ओट्यावरून कुणाचं तरी खोकणं ऐकू आलं. मी दोरीशी चाळा करत होते.

"नोकरी तुमची," तो म्हणाला. "आजपासून. राहायला खोली आहे, तुमच्या मुरलीधररावांनाही आणा, इथे कामं खूप आहेत. अशी ऑपरेटर मला मिळायची नाही. फक्त एवढंच करा, ओळखलंत हे विसरून जा."

"तेच तर मला येत नाही, साहेब," मी म्हणाले.

मला ते बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पलीकडे श्वास अडकला.

"ती कशी आहे?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न त्यानं इतक्या हळू विचारला, की मी ऑपरेटर नसते तर मला ऐकूच आला नसता. मी काय सांगणार होते? बाया वाट सोडून उभ्या राहतात, हे? भर संक्रांतीला त्या एकट्याच स्वतःच्या दारात वाणाचं ताट घेऊन बसतात, हे? मी विचार केला, हे सांगायचं काम माझं नाही. मी निरोप्या नाही. माझं काम वेगळं आहे.

"लाइन देते," मी म्हणाले.

"नको." आवाज एकदम चिरकला. "नको बाई, राहू द्या."

त्या दिवशी दुपारीही ते हेच म्हणाले होते आणि मी दोरी काढून घेतली होती. तेव्हा ते साहेब होते आणि मी नोकर. आता माझी नोकरी अजून लागली नव्हती. मी बाहेरची लाइन घेतली आणि वहिनींचा नंबर फिरवला. तो मला पाठ होता. वहिनींनी घर विकायला काढलं, शेत वाट्यानं दिलं, पण तो फोन कधी तोडला नव्हता. का, ते कुणाला कळत नसे.

"बाई, ऐका माझं," कानात तो म्हणत होता. "काय बोलू मी? काय बोलणार?"

मी दोरी काढली नाही. तोही फोन ठेवत नव्हता. त्याला ठेवता आला असता. दिवा जळत राहिला.

पलीकडे घंटी वाजू लागली. मला ते घर दिसत होतं. माजघरात कोनाड्याखाली स्टुलावर ठेवलेला फोन, त्यावर विणलेला रुमाल. दुपारची वेळ. वहिनी मागल्या अंगणात असतील, उठून येतील, पदराला हात पुसतील. फोन उचलल्याचा खट्ट आवाज आला. मी "वहिनी, मी हेमलता" असं म्हणणार होते. पण त्याआधीच मी दोरी लावली होती, दोन्ही लाइनी एक झाल्या होत्या, आणि पहिला गेला तो त्याचा श्वास. आधी अर्धा, मग उरलेला.

वहिनी दचकल्या नाहीत. "हॅलो"सुद्धा म्हणाल्या नाहीत.

"आज तरी बोला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं नुसता श्वास ऐकवता."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

आजवर मला पुष्कळांनी विचारलंय, उषानं तर खोदून खोदून विचारलं, की पुढे काय झालं ते तू ऐकलं का नाहीस. ऐकता आलं असतं. कान तिथेच होता. पण नाही ऐकलं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या दिव्याकडे बघत बसले. टेबलावरच्या हेडफोनमधून कुजबुज येत होती, डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी. ती एकाची आहे की दोघांची, तेही कळू नये म्हणून मी खुर्ची मागे सरकवली. खिडकीबाहेर धुकं इतकं दाटलं की बंगला पार पुसून गेला. ओट्यावरची माणसं उठून आत गेली असावीत. सगळीकडे अशी सामसूम होती, की ह्या डोंगरावर मी आणि तो दिवा सोडून काही नाहीच असं वाटू लागलं. भीती वाटत होती. कशाची, ते सांगता येणार नाही. आपण दोन जिवंत माणसं जोडली की आणखी काही, ह्याची असेल.

दिवा विझला. किती वेळानं, ते मला माहीत नाही.

मॅडम आत आल्या तेव्हा त्यांच्या टेबलावरचा फोन वाजत होता. त्यांनी उचलला, ऐकला, ठेवला.

"साहेब म्हणतात, बाईंना जीपनं घरापर्यंत सोडा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि म्हणतात की त्या इथे यायच्या नाहीत. असं का? तुम्ही नाही म्हणालात?"

"मी काहीच म्हणाले नाही," मी म्हणाले. खरं तेच होतं. पण ते बरोबर बोलले होते. मी यायची नव्हते.

सुभाननं परतीच्या वाटेवर एकदा आरशातून मागे पाहिलं. "भेटले का साहेब?"

"बोलले."

"मग?"

"तुम्ही म्हणालात तसंच," मी म्हणाले. "आवाज येतो."

गल्लीच्या तोंडाशी उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. वहिनींचं दार उघडं होतं. त्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. मी थांबले. आता त्या काहीतरी विचारतील, रडतील, माझा हात धरतील, असं मला वाटलं. त्यांनी मान वर केली.

"लाइन तू दिलीस?"

"हो."

"ऐकलंस?"

"नाही, वहिनी."

त्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांची खात्री पटली असावी. "बस," म्हणाल्या आणि मला बसायला उंबऱ्यातली जागा करून दिली. आम्ही दोघींनी मिळून ते तांदूळ निवडले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सकाळी मला हाक मारली. नऊवारी नेसल्या होत्या, हातात पिशवी होती. "तापीवर यायचंय माझ्याबरोबर," म्हणाल्या. "दहावा आहे."

"कुणाचा?"

त्या चालू लागल्या. घाटावर गुरुजी वाट बघत होते. दीरांना कळवलेलं नव्हतं. गुरुजी बाईमाणसाच्या हातून करायला जरा कचरत होते, पण वहिनींचा चेहरा बघून त्यांनी दर्भ पुढे केला. नाव विचारलं. वहिनींनी स्पष्ट आवाजात सांगितलं, मधुकर नेहेते. मी त्यांचं मनगट धरलं.

"वहिनी, पण ते तर..."

"तू ऐकलं नाहीस ना?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग लाइनवर कोण होतं, तुला काय माहीत?"

मी हात सोडला. खरंच, मला काय माहीत होतं? एक श्वास, तेवढाच.

पिंड ठेवले. घाटावर त्या दिवशी आणखी दोन ठिकाणी दहावा होता. तिथली माणसं केव्हाची ताटकळली होती, नातेवाइकांची नावं घेऊन घेऊन कावळ्याला विनवत होती. आमचे पिंड ठेवून गुरुजी पुरते मागेही सरले नव्हते, तोच पिंपळावरून कावळा उतरला आणि सरळ चोच घातली. गुरुजींनी हात जोडले. "फार वाट पाहत होते हो," ते म्हणाले. मी पायरीवरच बसले. वहिनी मात्र कावळा उडून जाईपर्यंत उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी नदीत उतरून मंगळसूत्र काढलं, मुठीत धरलं आणि मूठ पाण्याखाली उघडली.

त्यानंतर मला जळगावला एका दवाखान्यात बोर्डावर काम लागलं. तिथेही विचारलं होतं, तुम्हाला काय येतं. उषानं घोकून घेतलेलं ते वाक्य मी बोलले नाही. म्हणाले, "लाइन जोडून दिली, की मी ऐकत नाही." डॉक्टर म्हणाले, उद्यापासून या. त्या वर्तक साहेबांचं पुढे काय झालं, ह्याची मी चौकशी केली नाही. सुभान रावेरच्या बाजारात दिसे. मी रस्ता बदलून जाई.

पण त्या दिवसाचं थोडं राहिलं सांगायचं. घाटावरून परतताना वहिनींनी टांगा टेलिफोन कचेरीपाशी थांबवायला लावला. केस ओले, कपाळ मोकळं. खिडकीशी जाऊन म्हणाल्या, "घरचा फोन बंद करायचाय."

आतला कारकून तरुण होता. "चालू फोन कशाला बंद करता, आजी? लोकांना मिळत नाही इथे."

"आता कुणाचा यायचा नाही."

"कारण सांगावं लागतं."

"फोन ज्यांच्या नावावर आहे ते वारले."

कारकुनानं पेन उघडलं. "कधी वारले?"

वहिनींनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत रागही नव्हता आणि उपकारही नव्हते. मग त्या खिडकीकडे वळल्या.

"गेल्या आठवड्यात," त्या म्हणाल्या. "मंगळवारी. दुपारी."

त्याच मंगळवारी दुपारी मी डोंगरावरून लाइन दिली होती.